फ्लॉरेन्स नाइटिंगेल : परिचारिकांच्या सन्मानासाठीचा प्रदीर्घ लढा

दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आधुनिक शुश्रूषाशास्त्राच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिन. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी करुणामूर्ती म्हणून त्या सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र रुग्णांच्या खाटेपाशी नव्हे, तर परिचारिकांना रुग्णालयात मान मिळावा यासाठीच्या संघर्षात गेला. हा संघर्ष डॉक्टरांशी आणि अधिकाऱ्यांशी होता, तसाच तो परिचारिकांचा परिचारिकांशीही होता.

संपन्न घरातील मुलगी, हलका मानला गेलेला व्यवसाय

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका धनाढ्य इंग्रज कुटुंबात झाला. शहराच्याच नावावरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी आपल्या दोन्ही मुलींना भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण घरीच दिले. गणिताची फ्लॉरेन्स यांना विशेष आवड होती. इंग्लंडमधील डर्बीशायर आणि हॅम्पशायर या परगण्यांत कुटुंबाची दोन मोठी निवासस्थाने होती.

१८४५ साली सॅलिसबरी येथील रुग्णालयात जाऊन शुश्रूषेचे काम शिकण्याची इच्छा त्यांनी घरात बोलून दाखवली, तेव्हा आई आणि बहीण यांना मोठा धक्का बसला. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, मद्यपी आणि बेभरवशाची बाई, असा सार्वत्रिक समज होता. चार्ल्स डिकन्स यांनी ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत रंगवलेल्या सेअरी गॅम्प या पात्राने तो समज अधिकच पक्का केला होता. प्रत्यक्षात अनेक गरीब स्त्रिया तुटपुंज्या वेतनावर, अस्वच्छ वॉर्डांत, कोणत्याही प्रशिक्षणाविना हे काम निष्ठेने करत होत्या. समाजाच्या लेखी मात्र त्यांचे स्थान मोलकरणीपेक्षा वरचे नव्हते.

घरच्यांचा विरोध अनेक वर्षे टिकला. फ्लॉरेन्स यांनी या काळात कवी व संसद सदस्य रिचर्ड मंक्टन मिल्न्स यांनी घातलेली लग्नाची मागणी नाकारली. रुग्णालयांचे अहवाल त्या पहाटे उठून वाचत आणि त्यांची टिपणे काढत. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील संस्थेत त्यांना सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेता आले. ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागातील, आजारी महिलांसाठीच्या एका छोट्या रुग्णालयाच्या अधीक्षकपदी त्यांची नेमणूक झाली.

स्कुतारीतील पहिले दिवस

१८५४ साली ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांची कशी हेळसांड होत आहे याची वर्णने ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. युद्धखात्याचे सचिव सिडनी हर्बर्ट यांनी परिचारिकांचे पथक पाठवण्याचे ठरवले आणि त्याचे नेतृत्व नाइटिंगेल यांच्याकडे सोपवले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या लंडनहून निघाल्या आणि ४ नोव्हेंबर रोजी बॉस्फरसच्या काठावरील स्कुतारी येथे पोहोचल्या.

या पथकात रोमन कॅथलिक जोगिणी होत्या, प्रॉटेस्टंट धर्मसंघांतील भगिनी होत्या आणि रुग्णालयांत वेतनावर काम करणाऱ्या परिचारिकाही होत्या. पंथ वेगळा, सामाजिक स्तर वेगळा, कामाची सवय वेगळी. त्यांना एकत्र बांधणे हेच पहिले आव्हान ठरले.

लष्करी डॉक्टरांना या स्त्रियांचे येणे रुचले नव्हते. सरकारी आदेश असल्यामुळे त्यांना परत पाठवता येत नव्हते. परंतु वॉर्डांत त्यांना काम देण्यासही बहुतेक डॉक्टर तयार नव्हते. नाइटिंगेल यांनी वाद घातला नाही. डॉक्टर बोलावत नाहीत तोवर एकाही परिचारिकेने वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःच घातला आणि परिचारिकांना कपडे व पट्ट्या शिवण्यास बसवले. त्यांच्या काही सहकाऱ्यांना हा निर्णय निष्ठुर वाटला. मात्र इंकरमनच्या लढाईनंतर जखमींची रीघ लागली आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी स्वतःहून परिचारिकांना पाचारण केले.

पुढील काही आठवड्यांत गैरवर्तन वा मद्यपान यांसारख्या कारणांवरून काही परिचारिकांना त्यांनी मायदेशी परत पाठवले. एकीच्या वर्तनामुळे सर्वांच्या अब्रूला बाध येतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांची शिस्त कठोर होती आणि ती सर्वांनाच मानवली असे नाही.

परिचारिकांमधील दुफळी

डिसेंबर १८५४ मध्ये मेरी स्टॅन्ली यांच्या नेतृत्वाखाली चाळीसहून अधिक स्त्रियांचे दुसरे पथक स्कुतारीत येऊन दाखल झाले. त्याबाबत नाइटिंगेल यांना विचारण्यातही आले नव्हते. राहण्यास जागा नाही, डॉक्टरांकडून मागणी नाही आणि नव्या पथकाने आपल्या हाताखाली काम करावे की नाही याचाही खुलासा नाही, अशा स्थितीत त्यांनी राजीनामा देऊ केला. स्टॅन्ली या त्यांच्या जुन्या मैत्रीण होत्या. ती मैत्री या प्रसंगानंतर टिकली नाही.

याच पथकातून आलेल्या आयरिश धर्मसंघाच्या प्रमुख मदर फ्रान्सिस ब्रिजमन यांनी नाइटिंगेल यांचा अधिकार मान्य करण्यास नकार दिला. ब्रिजमन आणि त्यांच्या भगिनी शुश्रूषेत अनुभवी होत्या. आयर्लंडमध्ये त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांची सेवा केली होती. आपल्या भगिनींवर आपलाच अधिकार राहील, हे त्यांचे म्हणणे त्यांच्या संघाच्या नियमांना धरून होते. नाइटिंगेल यांना मात्र एका रुग्णालयात दोन प्रमुख असणे मान्य नव्हते. दोघीही कर्तबगार होत्या आणि दोघींनीही माघार घेतली नाही.

या दुफळीचा लाभ लष्कराचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी डॉ. जॉन हॉल यांना झाला. नाइटिंगेल यांच्या नेमणूकपत्रात तुर्कस्तानातील रुग्णालयांचा उल्लेख होता. क्रिमिया हा रशियाचा प्रदेश असल्याने तेथे त्यांचा अधिकार चालत नाही, असा अर्थ हॉल यांनी लावला. १८५५ च्या शरद ऋतूत त्यांनी ब्रिजमन यांच्या भगिनींना थेट बालाक्लाव्हा येथील रुग्णालयात बोलावून घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात नाइटिंगेल क्रिमियात तापाने मरणासन्न झाल्या होत्या. त्यातून उठल्यावर त्यांना या अधिकाराच्या वादाला तोंड द्यावे लागले. त्यांच्याविरुद्ध तक्रारी आणि गोपनीय अहवाल लंडनला जात राहिले. मार्च १८५६ मध्ये सर्व लष्करी रुग्णालयांतील परिचारिकांवर त्यांचाच अधिकार असल्याचा आदेश निघाला. त्यानंतर ब्रिजमन आपल्या भगिनींसह मायदेशी परतल्या. तोपर्यंत युद्ध जवळजवळ संपले होते.

मेरी सीकोल यांची उपेक्षा

जमैकाच्या मेरी सीकोल यांची कथा याच काळातील आहे. औषधोपचाराचा दीर्घ अनुभव असलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीने १८५४ साली लंडनमध्ये परिचारिकांच्या पथकात घेण्याची विनंती केली होती. ती नाकारण्यात आली. सीकोल यांनी स्वखर्चाने क्रिमिया गाठले आणि बालाक्लाव्हाजवळ ‘ब्रिटिश हॉटेल’ उभारून सैनिकांना अन्न, औषध आणि आधार दिला.

वाटेत स्कुतारी येथे त्यांची नाइटिंगेल यांच्याशी भेट झाली आणि त्यांना रात्रीपुरता आसरा मिळाला. मात्र १८७० साली लिहिलेल्या एका खासगी पत्रात नाइटिंगेल यांनी सीकोल यांच्या हॉटेलातील वातावरणाबद्दल प्रतिकूल मत नोंदवले. सीकोल यांनी काही भले केले, हेही त्याच पत्रात त्यांनी मान्य केले. पण आपल्या परिचारिकांचा त्यांच्याशी संबंध येऊ नये याची दक्षता घेतल्याचेही त्यात आहे. परिचारिकांच्या प्रतिष्ठेसाठी झगडणाऱ्या नाइटिंगेल यांना चौकटीबाहेर राहून सेवा करणाऱ्या स्त्रीला सहकारी मानणे जमले नाही.

प्रशिक्षणशाळेची स्थापना

ऑगस्ट १८५६ मध्ये नाइटिंगेल इंग्लंडला परतल्या. स्कुतारीतील मृत्यूंचे खरे कारण त्यांना आकडेवारीच्या अभ्यासातून उमगले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले होते. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने इमारतीखालील गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि काही महिन्यांत ते प्रमाण झपाट्याने उतरले. हे सत्य त्यांनी आलेखांच्या रूपाने सरकारपुढे मांडले. आजारपणामुळे त्या बहुतेक काळ खोलीतच असत. तेथूनच अहवाल आणि पत्रे लिहून त्या सुधारणांचा पाठपुरावा करीत.

जनतेने त्यांच्या गौरवार्थ उभारलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. तिलाही विरोध झाला. परिचारिकांचे काम घरकाम करणाऱ्या बायकांसारखेच असून त्यासाठी फारशा शिक्षणाची गरज नाही, असे त्याच रुग्णालयातील ज्येष्ठ शल्यविशारद जॉन फ्लिंट साउथ यांनी १८५७ साली मांडले होते. नाइटिंगेल यांनी त्यावर दिलेले उत्तर व्यवस्थेचे होते. परिचारिकेची नेमणूक, शिस्त आणि बडतर्फी हे अधिकार डॉक्टरांकडे नव्हे, तर प्रशिक्षित स्त्रीकडे, म्हणजे मेट्रनकडे असावेत, हे तत्त्व त्यांनी रुजवले. परिचारिकांच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने हे फार मोठे पाऊल होते.

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही पुढे दिसून आली. शिकाऊ परिचारिकेच्या वक्तशीरपणापासून चारित्र्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची नोंद मेट्रन ठेवत असे. फी भरून येणाऱ्या उच्चभ्रू शिकाऊ स्त्रियांना पुढे वरची पदे मिळत, तर अल्प विद्यावेतनावर शिकणाऱ्या सामान्य घरांतील मुली वॉर्डातील कामात राहत. वरिष्ठांच्या शब्दापुढे ब्र काढायचा नाही, ही वृत्ती या उतरंडीतून बळावली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. डॉक्टरांच्या जाचातून सुटलेल्या परिचारिकेला काही ठिकाणी वरिष्ठ परिचारिकेचा जाच सोसावा लागला.

सिडनीची कटू आठवण

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या विनंतीवरून लुसी ऑस्बर्न आणि पाच परिचारिका मार्च १८६८ मध्ये सिडनी शहरात दाखल झाल्या. तेथील रुग्णालय घाणीने आणि किडामुंगीने भरलेले होते. व्यवस्थापन समिती आणि डॉक्टर ऑस्बर्न यांच्या कामात अडथळे आणत होते. त्यातच सोबत आलेल्या परिचारिकांशीही त्यांचे बिनसले. कुरबुरी आणि वावड्या पत्रांतून लंडनपर्यंत पोहोचल्या आणि नाइटिंगेल यांचा ऑस्बर्न यांच्यावरील विश्वास उडाला.

१८७३ साली तेथील चौकशी आयोगाने रुग्णालयाच्या दुरवस्थेचा ठपका व्यवस्थापन समितीवर ठेवला आणि ऑस्बर्न यांच्या कामाची प्रशंसा केली. ऑस्बर्न १८८४ पर्यंत त्या पदावर राहिल्या. स्कुतारीत असताना नाइटिंगेल यांच्याविरुद्धही अशीच पत्रे लंडनला जात होती, हे लक्षात घेता हा प्रसंग विचार करायला लावणारा आहे.

स्वतःच्या शाळेतही शिक्षणाकडे दुर्लक्ष होत असल्याचे १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या लक्षात आले. त्यांनी अभ्यासक्रम सुधारला, शिकाऊ परिचारिकांना स्वतः भेटीस बोलावण्यास सुरुवात केली आणि १८७२ पासून त्यांना उद्देशून पत्रे लिहिली. प्रमाणपत्राने शिक्षण संपत नाही आणि अहंकार हा परिचारिकेचा शत्रू आहे, हा त्या पत्रांतील एक प्रमुख सूर आहे.

नोंदणीचा वाद

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना आणखी एका संघर्षाला सामोरे जावे लागले. १८८७ साली एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश परिचारिका संघटना स्थापन झाली. प्रशिक्षित परिचारिकांची अधिकृत नोंदणी व्हावी आणि व्यवसायाला कायद्याचे संरक्षण मिळावे, ही तिची मागणी होती. परीक्षेने ज्ञान मोजता येते, पण सेवावृत्ती मोजता येत नाही, या भूमिकेतून नाइटिंगेल यांनी नोंदणीला विरोध केला. मेट्रनांमध्येही दोन तट पडले. पुढे १९१९ साली इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा झाला आणि नोंदवहीत पहिले नाव फेनविक यांचे लागले.

भारताशी नाते

नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत. तरीही भारतातील लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. ब्रिटिश सैनिकांमध्ये दर हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे १८६३ च्या अहवालातून पुढे आले. त्यानंतर त्यांचे लक्ष दुष्काळ, पाटबंधारे आणि खेड्यांतील स्वच्छता या प्रश्नांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा या विषयावर पत्रव्यवहार होता. भारतातील रुग्णालयांसाठी शुश्रूषेची योजना त्यांनी १८६५ साली सुचवली होती. ती तेव्हा अमलात आली नाही. लष्करी रुग्णालयांसाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी १८८८ साली मुंबई बंदरात उतरली. भारत सरकारने १९७३ साली परिचारिकांसाठी सुरू केलेला राष्ट्रीय पुरस्कार नाइटिंगेल यांच्याच नावाने दिला जातो.

१९०७ साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमधील दफनाचा प्रस्ताव कुटुंबीयांनी त्यांच्या इच्छेनुसार नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथील त्यांच्या समाधीवर केवळ नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. ज्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा भरली, त्याच्या आवारात २०१६ साली मेरी सीकोल यांचा पुतळा उभारण्यात आला.