अर्धकच्च्या मांसाचा धोका ओळखणारे डॉ. फिरखो कोण होते?

डुकराचं मांस नीट न शिजवता खाल्लं तर जीव जाऊ शकतो, हे १६० वर्षांपूर्वी जर्मनीत अनेकांना पटत नव्हतं. ते पटवून देणाऱ्यांमध्ये रुडॉल्फ फिरखो आघाडीवर होते.

त्यांचा जन्म १८२१ मध्ये पोमेरेनियात झाला. आजार पेशींपासून सुरू होतो, हे मांडणारा त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्यांनी ट्रायकिनेला या जंताच्या अळ्या असलेलं मांस कुत्र्याला खाऊ घातलं. काही दिवसांत कुत्र्याच्या आतड्यात पूर्ण वाढलेले जंत सापडले.

माणसातही असंच होतं. अळ्या आतड्यात वाढतात, त्यांची पिल्लं रक्तातून स्नायूंत शिरतात. मग जुलाब, ताप, पापण्यांवर सूज, असह्य अंगदुखी.

१८६५ मध्ये हेडर्सलेबेन गावात कच्चं डुकराचं मांस खाल्ल्याने ३३७ जण आजारी पडले, १०१ दगावले. फिरखो डॉक्टर होते, तसे लोकप्रतिनिधीही. कत्तलीनंतर मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. खाटकांचा विरोध होता, पण अखेर १९०० मध्ये जर्मनीत मांस तपासणीचा देशव्यापी कायदा झाला. दोन वर्षांनी फिरखो यांचं निधन झालं.

आज काय लक्षात ठेवायचं? मीठ लावून किंवा धुरी देऊन अळ्या मरतीलच असं नाही. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. वरून खरपूस दिसतंय, एवढ्यावर विसंबू नका.