विश्लेषण : गावची सोसायटी तरुण शेतकऱ्यांची ‘उद्योगशाळा’ कशी ठरली?

महाविद्यालयांत आज वाणिज्य मंडळे असतात, उद्योजकता कक्ष असतात. हिशेब कसा ठेवावा, भांडवल कसे उभे करावे, भागीदार कसे जोडावेत याचे धडे विद्यार्थ्यांना तिथे मिळतात. शंभर वर्षांपूर्वी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खेड्यांत यातले काहीच नव्हते. तिथे हे काम गावच्या सहकारी सोसायटीने केले. ती उभी करणारे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील स्वतः जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंतच शिकलेले होते.

विठ्ठलराव कोण होते?

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील आजच्या राहाता तालुक्यातील लोणी बुद्रुकचे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण लवकर सुटले आणि ते शेतीत उतरले. सावकाराचे व्याज, बाजारातल्या अडत्याचा हिशेब आणि पावसाचा लहरीपणा या तिन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या. शेतकरी कष्टात कमी नाही, व्यवहारात एकटा पडतो म्हणून मार खातो, या निष्कर्षाला ते तरुणपणीच आले होते. पुढची सहा दशके त्यांनी याच निष्कर्षावर काम केले.

सोसायटीची गरज का भासली?

सावकारी कर्जाचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जखते जाळली होती. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पण कर्जाची गरज काही संपली नाही. बी-बियाणे, बैल, लग्नकार्य यांसाठी पैसा लागतच होता आणि तो देणारा सावकारच होता. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, तेव्हा पहिल्यांदा दुसरी वाट मोकळी झाली. विठ्ठलरावांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे सहकारी पतसंस्था काढली. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते.

तरुण तिथे नेमके काय शिकले?

कर्जवाटप हे सोसायटीचे वरवर दिसणारे काम. तिचा कारभार मात्र शिक्षणच होता. कीर्द आणि खतावणी रोज लिहावी लागे. पंच कमिटीची बैठक, ठराव, इतिवृत्त, वार्षिक सभा आणि सरकारी लेखापरीक्षण हे सारे ठरलेल्या रीतीने करावे लागे. शिवाय त्या काळी गावच्या पतसंस्थांत सभासदांची जबाबदारी सहसा अमर्याद असे. एकाने कर्ज बुडवले तर बोजा सगळ्यांवर येई. त्यामुळे कर्ज मागणाऱ्याची गरज खरी आहे का, त्याच्या पिकातून फेड होईल का, हे गावकऱ्यांनाच तपासावे लागे. नातेवाइकाला नाही म्हणण्याची आणि गरजूवर विश्वास टाकण्याची, अशा दोन्ही सवयी त्यातून लागत. पत, जोखीम, वसुली आणि हिशेब हे धडे शेतकऱ्यांच्या मुलांनी पुस्तकाविना गिरवले.

गुळाकडून साखरेकडे का वळावे लागले?

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला. शेतकरी गुऱ्हाळ लावून गूळ करत, पण त्याचा भाव बाजारपेठेत ठरे. जागतिक मंदीत शेतमालाचे दर कोसळले, तेव्हा बागायतदारही कर्जात गेले. दुसरीकडे १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला आयात करातून संरक्षण दिले आणि खासगी कारखानदारी वाढली. बेलापूर कंपनीसारख्या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. ज्याच्या रानात ऊस उभा, त्याच्या हाती फक्त खंड पडे आणि साखरेचा नफा कंपनीकडे जाई. खंडकऱ्यांचा प्रश्न जिल्ह्यात पुढे अनेक दशके धुमसत राहिला तो इथूनच. कारखाना आपलाच असला पाहिजे, हा विचार अशा परिस्थितीत रुजला.

शेतकऱ्यांनी कारखाना कसा उभारला?

डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद झाली. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. सहकारी साखर कारखान्याच्या कल्पनेला तिथे बळ मिळाले. कल्पनेला अर्थशास्त्राची बैठक गाडगीळांनी दिली. ती शेतकऱ्याच्या गळी उतरवण्याचे अवघड काम विठ्ठलरावांनी केले. गावोगाव फिरून त्यांनी भाग गोळा केले. ज्याने आयुष्यात यंत्र पाहिले नाही, त्याला कारखान्याचा मालक होण्यासाठी पैसे काढायला सांगायचे होते. सोसायटीच्या वीस-बावीस वर्षांच्या कारभाराची पुण्याई इथे उपयोगी पडली. हिशेब चोख ठेवणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखत होते. मुंबई राज्याचे तेव्हाचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचाही पाठिंबा मिळाला.

१९५०-५१ मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. आशियातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष अशी पहिली काही वर्षे रचना होती. ज्याच्या कष्टातून कारखाना उभा राहिला, त्याने दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची घेतली, कारण त्या घडीला जाणकाराचे मार्गदर्शन जास्त मोलाचे होते. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे कोणाचा ऊस कधी तोडायचा, याचा क्रम नोंदीप्रमाणे पाळणे ही रोजचीच कसोटी होती. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच, हा सहकाराचा नियम त्या शिस्तीचा आधार होता.

शिक्षणसंस्था कशासाठी?

१९६१ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. पण कारखाना चालवायला रसायनतज्ज्ञ, अभियंते आणि हिशेबनीस बाहेरून आणावे लागत होते. शेतकऱ्यांची मुले मालक झाली, तरी जाणकार झाली नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षणसंस्था स्थापन झाली. पुढे तिथे शाळा, वसतिगृहे, तंत्रशिक्षण, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या संस्था उभ्या राहिल्या. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलरावांचे निधन झाले. नारळी पौर्णिमेची त्यांची जयंती राज्यात शेतकरी दिन म्हणून पाळली जाते.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी धडा कोणता?

प्रवरेनंतर कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे अशा भागांत सहकारी कारखाने निघाले आणि जिल्ह्याचा चेहरा बदलला. त्याच वाटेने कारखान्यांच्या निवडणुका राजकारणाचा आखाडा बनल्या, काही कारखाने कर्जात रुतले आणि अनेक ठिकाणी सभासद वार्षिक सभेला फक्त हजेरीपुरता उरला. पदवीधर वाढले, पण ताळेबंद वाचून प्रश्न विचारणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. विठ्ठलरावांच्या सोसायटीत कमी शिकलेली माणसे तेच करत होती. विद्यार्थ्यांची मंडळे आणि उद्योजकता कक्ष व्याख्याने व स्पर्धांपुरते राहिले, तर ही उणीव भरणार नाही. पंचवीस विद्यार्थ्यांनी स्वतःचे पैसे घालून वसतिगृहात वह्या-पुस्तकांचे सहकारी भांडार चालवले, वर्षअखेरीस त्याचा हिशेब सर्वांसमोर मांडला आणि तोटा झाला तर तो वाटून घेतला, तर लोणीत १९२३ मध्ये सुरू झालेली शाळा त्यांच्यापुरती पुन्हा भरेल.