मेंदूचा चित्रकार : रामोन इ काहाल

मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या पेशी तयार होत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या समजुतीसोबत ज्यांचे नाव घेतले जाते, ते स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल.

१ मे १८५२ रोजी एका डोंगरी खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य, स्वभावाने कडक. मुलाला चित्रकार व्हायचे होते, वडिलांना ते पसंत नव्हते. त्यात पोरगा खोडकर. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक फोडले म्हणून अकराव्या वर्षी त्याने कोठडीही पाहिली. वडिलांनी त्याला केस कापणाऱ्याकडे आणि जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवून पाहिले. शेवटी जुन्या स्मशानातील हाडे समोर मांडून त्यांनी स्वतः शरीररचना शिकवली. हाडांची चित्रे काढता काढता मुलगा वैद्यकाकडे वळला. १८७३ मध्ये पदवी मिळाली. पुढे लष्करी डॉक्टर म्हणून ते क्युबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले.

१८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी इटलीच्या गॉल्जी यांची रंजनपद्धत पाहिली. चांदीच्या क्षारामुळे मोजक्याच चेतापेशी काळ्या होतात, पण त्या फांद्यांसकट दिसतात. काहालांनी तुकडे दोनदा रंगवले आणि भ्रूणांचे व लहान पिलांचे मेंदू निवडले. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, असा निष्कर्ष त्यांनी १८८८ मध्ये बार्सिलोनात काढला. तो छापायला स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ६०! १९०६ चे नोबेल त्यांना गॉल्जींसोबत विभागून मिळाले, पण गॉल्जींनी त्या व्यासपीठावरूनही त्यांच्या मताला विरोध केला.

१९१३-१४ च्या ग्रंथात काहालांनी लिहिले, की प्रौढ मेंदूत चेतापेशी मरतात, नव्याने उगवत नाहीत. मात्र हा कठोर निर्णय बदलता आला तर बदलण्याचे काम त्यांनी तिथेच पुढच्या विज्ञानावर सोपवले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले.

सरकारी कचेरीत एक अनुभव नेहमीचा. साहेबांच्या शेऱ्यातले पहिले वाक्य फाईलभर उतरत जाते आणि नवी माहिती आल्यास फेरविचार करावा, हे खालचे वाक्य गळते. काहालांच्या बाबतीत तेच झाले.

चांदीच्या रंगाने पेशीचा आकार कळे, जन्म कधीचा ते कळत नसे. विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएत शिरणारे किरणोत्सारी थायमिडीन वापरून जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ मध्ये उंदरांत नव्या चेतापेशींचे पुरावे दिले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९८ मध्ये एरिक्सन आणि गेज यांनी पाच दिवंगत कर्करुग्णांचे मेंदू तपासले. उपचारादरम्यान त्यांना अशीच खूण ठेवणारे औषध दिले होते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात खूण असलेल्या चेतापेशी सापडल्या. २०१३ मध्ये स्वीडनच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचे वय काढले. त्यांच्या अंदाजाने हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्येक बाजूला रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी तयार होतात.

२०१८ मध्ये दोन गटांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आले. पुढच्याच वर्षी एका गटाने दाखवले, की मेंदूचा तुकडा टिकवण्याच्या रसायनात फार वेळ राहिला तर कोवळ्या पेशींची ओळख पटवणारे प्रथिन दिसेनासे होते. हे काम झाले माद्रिदमध्ये, काहालांच्याच शहरात.

वाद अजून मिटलेला नाही. पण फाईल पुन्हा उघडली आहे, आणि ती उघडण्याची परवानगी काहाल स्वतःच लिहून गेले होते.