जेम्स रेनेल : फ्रेंच नकाशा पडताळून पाहणारा भूमापक

कोलकाता - अठराव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानचा सर्वांत विश्वसनीय मानला जाणारा नकाशा पॅरिसमध्ये तयार झाला. तो काढणाऱ्या विद्वानाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. पॅरिसच्या परिसराबाहेरही तो फारसा गेला नव्हता. हा नकाशा प्रत्यक्ष भूमीशी ताडून पाहण्याचे काम पुढे एका इंग्रज तरुणाच्या वाट्याला आले. १७६४ मध्ये गंगेच्या पाहणीसाठी त्याची नेमणूक झाली तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याचे नाव जेम्स रेनेल.

हा फ्रेंच नकाशा ज्याँ बाप्तिस्त द’आँव्हिल (१६९७-१७८२) यांनी १७५२ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी तयार केला होता. प्रवाशांची वर्णने, मिशनऱ्यांची टिपणे, खलाशांच्या नोंदी आणि जुने नकाशे एकमेकांशी ताडून त्यांनी गावे, नद्या व अंतरे निश्चित केली. जेथे माहिती नाही तेथे कल्पनेतील डोंगर आणि नगरे न भरता जागा कोरी ठेवावयाची, हा त्यांचा दंडक होता. त्या काळी ही गोष्ट नवी होती. नकाशातील कोणती बाब कशाच्या आधारे घेतली, हे सांगणारा ग्रंथही त्यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला.

रेनेल यांचा जन्म ३ डिसेंबर १७४२ रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात चडली गावाजवळ झाला. तोफखान्यात अधिकारी असलेले वडील लहानपणीच वारले आणि गावच्या धर्मोपदेशकाने त्यांचा सांभाळ केला. तेराव्या-चौदाव्या वर्षी ते नौदलात दाखल झाले आणि बंदरांचे आराखडे काढण्याची कला जहाजावरच शिकले. १७६० मध्ये ते पूर्वेकडील सागरात आले. नौदलात बढतीची आशा नसल्याने १७६३ मध्ये त्यांनी इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी पत्करली.

कोलकात्याच्या गव्हर्नरपदी त्या वेळी हेन्री व्हॅन्सिटार्ट होते. शहराचा सारा व्यापार नदीवर चालत असे. परंतु उन्हाळ्याच्या दिवसांत भागीरथीचे पाणी आटून गंगेतून कोलकात्याकडे येणारी मोठी गलबते अडकून पडत. बारमाही जलमार्ग शोधण्याचे काम रेनेल यांच्यावर सोपविण्यात आले. होकायंत्र, अंतर मोजण्याचे चाक आणि अक्षांश घेण्याचे उपकरण एवढ्या सामग्रीनिशी, स्थानिक नावाडी व लष्करी शिपायांना बरोबर घेऊन त्यांनी नद्यांची वळणे मोजण्यास प्रारंभ केला.

१७६५ मध्ये बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी कंपनीस मिळाली आणि या मोजणीचे स्वरूप पालटले. महसूल कोठून येणार आणि फौज कोणत्या वाटेने जाणार, हे आता नकाशावरून ठरवावयाचे होते. मोजणी करणारा मनुष्य मुलखातील लोकांना परक्या सत्तेचा हस्तक वाटू लागला.

फेब्रुवारी १७६६ मध्ये कूचबिहारच्या सीमेजवळ संन्यासी-फकिरांच्या सशस्त्र जमावाशी रेनेल यांची गाठ पडली. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या संघर्षाचाच हा आरंभकाळ होय. तलवारीच्या वारांनी त्यांचा उजवा खांदा चिरला गेला. वैद्याची सोय नसल्याने त्यांना होडीतून कित्येक दिवसांचा प्रवास करून ढाक्यास न्यावे लागले. ते बचावले, मात्र उजव्या हातात पूर्वीचे बळ पुन्हा आले नाही. पुढची सर्व मोजणी त्यांनी अशा अवस्थेत केली.

१७६७ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह यांनी त्यांना बंगालचे सर्व्हेयर जनरल नेमले. भारतीय सर्वेक्षण विभाग आपली स्थापना याच वर्षापासून मोजतो. १७७० च्या भीषण दुष्काळात समकालीन अंदाजानुसार बंगालची सुमारे एक तृतीयांश प्रजा मृत्युमुखी पडली, तरीही कंपनीची महसूल वसुली आणि मोजणी दोन्ही चालूच राहिली. १७७२ मध्ये कोलकात्यात रेनेल यांचा विवाह जेन थॅकरे यांच्याशी झाला. १७७७ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी हिंदुस्थान सोडला.

लंडनमध्ये त्यांनी ‘बंगाल ॲटलास’ आणि १७८२ मध्ये हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला. या दुसऱ्या नकाशात बंगालबाहेरचा बराचसा भाग त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता. दख्खनसाठी त्यांनी फ्रेंच सेनानी बुसी यांच्या कूचाच्या नोंदी घेतल्या, तर मध्य हिंदुस्थानसाठी पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल गोडार्ड यांच्या फौजेने बुंदेलखंडातून बुऱ्हाणपूरमार्गे सुरतेपर्यंत मारलेल्या मजलांचा आधार घेतला. म्हणजे मराठ्यांचा मुलूख कागदावर आला तो बव्हंशी त्यांच्या विरोधात चाललेल्या फौजांच्या वाटेने.

नकाशासोबतच्या ग्रंथात रेनेल यांनी द’आँव्हिल यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. इतक्या तुटपुंज्या साधनांवर त्या फ्रेंच विद्वानाने अंतर्भागाचे एवढे अचूक चित्र काढले, याचे त्यांना आश्चर्य वाटत असे. तथापि जेथे स्वतः मोजणी केली होती तेथे त्यांनी मतभेदही नोंदविला. तिबेटातील त्सांगपो ब्रह्मदेशातील इरावतीस मिळते, असे द’आँव्हिल यांनी दाखविले होते. आसामच्या सीमेपर्यंत गेलेल्या रेनेल यांनी ब्रह्मपुत्रेचा प्रचंड प्रवाह पाहिला आणि त्सांगपो म्हणजेच ब्रह्मपुत्रा, असा निष्कर्ष काढला. तो बरोबर होता. परंतु १९१३ मध्ये बेली व मोर्सहेड यांनी त्सांगपोच्या दरीचा मार्ग धुंडाळला तेव्हाच त्याविषयीची उरलीसुरली शंका फिटली.

गंगेच्या उगमापर्यंत मात्र रेनेल पोहोचले नव्हते. तेथे त्यांनी द’आँव्हिल यांच्याप्रमाणेच तिबेटी लामांच्या मोजणीवर विसंबून नदी मानसरोवराच्या परिसरातून निघत असल्याचे दाखविले. ही चूक १८०८ मध्ये गंगोत्रीकडे पाठविलेल्या मोहिमेनंतर दुरुस्त झाली. यात्रेकरूंना जे शतकानुशतके ठाऊक होते, ते नकाशावर येण्यास इतका काळ लागला.

१७९१ मध्ये रॉयल सोसायटीने रेनेल यांना कोप्ली पदक दिले. उत्तरायुष्यात त्यांनी सागरी प्रवाहांचा अभ्यास केला. २९ मार्च १८३० रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांनी मोजलेल्या नद्या आज त्या जागी नाहीत. १७८७ च्या महापुरानंतर तिस्ता गंगेची वाट सोडून ब्रह्मपुत्रेस मिळाली, तर ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह पुढे पश्चिमेकडील जमुनेत वळला. हे बदल मोजण्यासाठी अभ्यासक अजूनही रेनेल यांच्या ॲटलासपासून सुरुवात करतात. उन्हाळ्यात कोलकात्यास पाणी कसे पोहोचवावे, हा १७६४ चा प्रश्नही संपला नाही. हुगळीत पुरेसे पाणी राहून बंदर चालू राहावे, यासाठी १९७५ मध्ये फराक्का धरण कार्यान्वित करावे लागले.