गोपाळ कृष्ण गोखले : साथ, सत्ता आणि साक्ष

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• १८९७ च्या साथरोग कायद्याचे स्वरूप सांगता येईल.
• गोखले यांच्या क्षमायाचनेच्या प्रसंगाचा अर्थ लावता येईल.
• साथीच्या काळातील शासकीय अधिकारांना कोणत्या मर्यादा असाव्यात, याचे विवेचन करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे भिवंडीत राहतात त्यांना २०२० चा उन्हाळा विसरता येणार नाही. रात्रंदिवस खडखडणारे यंत्रमाग थांबले. मजुरी बंद झालेली माणसे मुंबई-नाशिक महामार्गाने पायी निघाली. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे मजुरांसाठी विशेष रेल्वेगाडी सोडावी लागली. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी १३ मार्च रोजी जो साथरोग कायदा लागू केला, तो मुळात १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या पहिल्या वर्षातला होता. तो प्रथम अमलात आला तेव्हा सरकारला जाब विचारू पाहणारा एक ३१ वर्षांचा प्राध्यापक आपल्याच शब्दांत अडकला. त्याचे चरित्र आपण येथे त्या कायद्याच्या संदर्भात वाचणार आहोत.

जडणघडण

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी तुटपुंज्या पगारातून पैसे काढून गोपाळरावांचे शिक्षण पुरे केले. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्याजवळ त्यांनी सरकारी अहवाल वाचण्याचे, आकडे पडताळण्याचे आणि अर्जाचा मसुदा पुन:पुन्हा तपासण्याचे कष्टाचे शिक्षण घेतले. आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजूही त्यांनी काही काळ सांभाळली. गणिताचे उदाहरण दुसऱ्याच्या मदतीने सोडविल्याची कबुली रडत देणाऱ्या बाल गोपाळची आख्यायिका तुम्ही शाळेत ऐकली असेल. त्यांच्या प्रौढपणातील कबुलीची हकीकत मात्र तितकी सोपी नाही.

कायदा आणि त्याची भाषा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लोक शहर सोडू लागले आणि रोगही त्यांच्याबरोबर पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मुळात तो अवघ्या चार कलमांचा होता. भाषेचे विद्यार्थी म्हणून त्यातील तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, प्रचलित कायदे अपुरे आहेत अशी सरकारची खात्री पटली, की त्याला हवे ते उपाय योजता येतात. मात्र ती खात्री कशाच्या आधारे पटावी, हे सांगितलेले नाही. दुसरी, कोणते उपाय आवश्यक आहेत हे सरकारला जे वाटेल त्यावर ठरते. येथे ‘असणे’ या क्रियापदाची जागा ‘वाटणे’ने घेतली आहे. तिसरी, सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येत नाही. उपाय किती दिवस चालावेत, नागरिकाने दाद कोठे मागावी, याविषयी कायदा मौन पाळतो.

पुण्यात या अधिकारांचा अर्थ लोकांना मार्च १८९७ पासून कळला. वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडतीसाठी सैनिक वापरले गेले. रोगी शोधून रुग्णालयात नेणे, त्याच्या संबंधितांना विलगीकरणाच्या छावणीत ठेवणे, सामान जाळणे आणि घरे धुवून काढणे असा कार्यक्रम होता. रोग खरा होता आणि रोग्याला वेगळे ठेवण्यामागे वैद्यकीय कारणही होते. परंतु माजघरात आणि देवघरात बूट घालून शिरणारा सैनिक व स्त्रियांची तपासणी यांनी शहर संतप्त झाले. पंडिता रमाबाई यांनीही प्लेगव्यवस्थेत स्त्रियांच्या होणाऱ्या दुर्दशेविषयी वृत्तपत्रातून लिहिले.

लंडनमधील आरोप

या काळात गोखले इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी आकडेवारीच्या बळावर प्रभावी साक्ष दिली होती. पुण्याच्या मित्रांची पत्रे त्यांना येत होती. त्यांतील मजकुरावर विसंबून त्यांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले, की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली. खळबळ माजली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

दरम्यान पुण्यात परिस्थिती पालटली होती. २२ जून रोजी गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट त्याच रात्री आणि रँड पुढे ३ जुलैला मरण पावले. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. अशा वातावरणात साक्ष द्यायला कोण पुढे येणार? गोखले परतले, तेव्हा पत्रे लिहिणारे मित्र आपले नाव उघड करण्यास तयार नव्हते आणि गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी जाहीर निवेदन काढून आरोप मागे घेतला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट व सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

या माफीने त्यांची मोठी नाचक्की झाली. देशबांधवांनी त्यांना भित्रे ठरविले, तर इंग्रजांच्या पत्रांनी खोटारडे. टिळकांना सप्टेंबरमध्ये १८ महिन्यांची सक्तमजुरी झाल्यावर हा विरोध अधिकच टोचू लागला : एक तुरुंगात गेला, दुसऱ्याने माफी मागितली.

या प्रसंगाचा अर्थ

विद्यार्थी मित्रहो, येथे घाईने निवाडा करू नका. गोखल्यांची चूक खरी होती. ज्यांनी वेल्बी आयोगापुढे प्रत्येक आकडा पारखून मांडला, त्यांनीच सर्वांत गंभीर आरोप पारखल्याविना मांडला. पण माफीने सैनिकांचे निर्दोषत्व सिद्ध झाले, असे मानणेही चूक ठरेल. तेवढा एक आरोप सिद्ध करता आला नाही, इतकेच त्यातून कळते. घटना घडणे आणि ती सिद्ध करता येणे यांत जे अंतर असते, ते कायद्याने कमी करावयाचे असते. या कायद्याने ते वाढविले. तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची, त्याला सद्भावनेचे कवच होते आणि तक्रारदाराला कसलेच कवच नव्हते. अशा स्थितीत लोकांजवळ कुजबुज तेवढी उरते. कुजबुज जाहीर झाली, की सरकार ती सहज खोटी पाडते आणि मग खऱ्या तक्रारींवरही अविश्वास पसरतो.

गोखल्यांनी यातून घेतलेला धडा त्यांच्या पुढील आयुष्यात दिसतो. ते प्लेग निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. १८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळात निवडून आले. १९०२ पासून मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर केलेली भाषणे सरकारच्याच आकड्यांवर उभी होती. १९०३ मध्ये सरकारी गुपितांच्या कायद्याच्या दुरुस्तीला आणि १९०७ मध्ये सभाबंदीच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. अधिकाऱ्याला अमर्याद विवेकाधिकार देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. मात्र १९१० च्या वृत्तपत्र कायद्याच्या वेळी त्यांनी असा विरोध केला नाही, हेही चरित्रकाराने लपवू नये. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आजच्या संदर्भात

गोखल्यांच्या काळी सरकारच्या ‘वाटण्या’ला आव्हान देता येईल असे संविधान नव्हते. आज अनुच्छेद २१ आहे. निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाच्या निकालात मांडली. २०२२ मध्ये तिच्याच आधारे कोणावरही लस सक्तीने टोचता येणार नाही, असे ठरविले; सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध मात्र मान्य केले. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये, साथीचे निमित्त करून कामगारांना रोज १२ तास राबविण्यास आणि जादा कामाचे दुप्पट वेतन नाकारण्यास मोकळीक देणाऱ्या गुजरात सरकारच्या अधिसूचना त्याच न्यायालयाने रद्द केल्या. साथीचा बोजा एकट्या श्रमिकावर टाकता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा भिवंडीच्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र हे हक्क न्यायालयात पोहोचतात ते तारीख, आदेशाचा क्रमांक, पावती आणि साक्षीदार यांच्या आधाराने. पुढच्या साथीत तुमच्या दारावर आदेश लागेल, तेव्हा त्याची प्रत मागा, दिनांक लिहून ठेवा आणि शेजाऱ्याने पाहिलेले त्याच्याच शब्दांत नोंदवा. १८९७ मध्ये गोखल्यांच्या हाती नेमके हेच नव्हते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. साथरोग कायद्यातील ‘वाटणे’ आणि ‘सद्भावना’ या संकल्पनांचे परिणाम स्पष्ट करा.
२. गोखले यांनी मित्रांची नावे न सांगता माफी मागितली. हा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
३. २०२० मध्ये तुमच्या परिसरात लागू झालेल्या एका निर्बंधाची निवड करा. तो पाठात दिलेल्या तीन निकषांवर तपासून सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.