अमळनेरचा पूर्वरंग, धुळ्याचा उत्तररंग

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी ही गीताजयंती. आज घरोघरी अठरा अध्यायांचे पारायण होईल. या पुण्यदिनी खानदेशातील भाविक वाचकांपुढे पूज्य साने गुरुजींचे चरित्र ठेवावे, असे आम्हांस वाटले. धर्मविद्या शिकविता येते काय, आणि ती सक्तीने शिकवावी काय, हा प्रश्न त्या चरित्रापाशी येऊन थांबतो.

परदेशांतील अनेक कॅथलिक विद्यापीठांत विद्यार्थी रसायनाचा असो वा वाणिज्याचा, ईश्वरशास्त्राचे काही पाठ पुरे केल्यावाचून त्यास पदवी मिळत नाही. आपल्याकडे संविधानाच्या २८ व्या कलमान्वये, पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षण देता येत नाही. मग ही विद्या द्यावी कोणी? अमळनेरच्या श्रीमंत प्रतापशेठजींनी त्याचे उत्तर १९१६ सालीच दिले होते. बोरी नदीकाठच्या सखाराम महाराजांच्या या गावी त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले व वेदान्ताच्या अभ्यासकांच्या योगक्षेमाची चिंता वाहिली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म कोकणात पालगडी, २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. पुण्यात बी. ए. होऊन ते या मंदिरात अध्ययनार्थ आले. तेथे शांकरमताची चर्चा होती, पाश्चात्य दर्शनांशी तुलना होती. बुद्धीस धार येण्यास असे नेमून दिलेले अध्ययन लागतेच, असे आमचे स्पष्ट मत आहे. रूपे घोकल्यावाचून कोणास संस्कृत आले? परंतु गुरुजींचे चित्त तेवढ्यावर तृप्त होईना. १९२४ साली ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडाव्यात, त्यांचे कपडे धुवावेत, त्यांच्यासाठी रोज हाताने दैनिक लिहून काढावे, हाच त्यांचा वेदान्त झाला. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यसंग्रामात उतरले.

कीर्तनाच्या भाषेत बोलावयाचे तर हा झाला पूर्वरंग. उत्तररंग रंगला धुळ्याच्या तुरुंगात. २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी विनोबाजी गीतेवर बोलू लागले. एका रविवारी एक अध्याय, असे १९ जूनपर्यंत अठरा अध्याय झाले. तेथे ना हजेरीपट होता, ना परीक्षा. (तुरुंगवास तेवढा सक्तीचा, श्रवण मात्र स्वेच्छेचे!) त्या श्रोत्यांत गुरुजी होते आणि त्यांची लेखणी विनोबांच्या वाणीमागे अखंड धावत होती. विनोबांनी लिहून न ठेवलेली ती प्रवचने आज भारताच्या कितीतरी भाषांत वाचली जातात, ती या लेखणीमुळे. शास्त्राची परिभाषा ज्याच्या कानास आधीच सरावलेली नाही, त्यास इतके वेगाने व इतके बिनचूक टिपता आले असते काय? आम्हांस तर अमळनेरची ती शिदोरीच येथे उपयोगी पडलेली दिसते.

पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, ती सर्वांस ठाऊकच आहे.

सर्वांभूती समत्व पाहावे, हे गीता सांगते आणि आम्ही कीर्तनकार ते नित्य घोळवितो. गुरुजींनी ते पंढरीच्या महाद्वारी नेले. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस विठ्ठलाचे दर्शन मिळावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध करणाऱ्यांत शास्त्र पढलेलेही होते, हे सांगताना आम्हांस संकोच होतो. परंतु ते सांगितलेच पाहिजे. मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाल्यावर दहाव्या दिवशी, १० मे रोजी, गुरुजींनी उपोषण सोडले.