महूचे सुपुत्र : विधिज्ञ डॉ. भीमराव आंबेडकर

माळव्यात इंदूरनजीक वसलेले महू हे १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी तेथे छावणी घातल्यापासून लष्कराचे ठाणे म्हणून प्रसिद्धीस आले. या छावणीतील सैनिकी शाळेत सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे मुख्याध्यापक होते. कोकणातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. घराणे कबीरपंथी असून घरी भजन व धर्मग्रंथांचे पठण नित्य चाले. रामजी व भीमाबाई या दांपत्याचे चौदावे अपत्य १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मास आले. तेच डॉ. भीमराव आंबेडकर होत.

बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईस संस्कृत शिकण्याची त्यांची उत्कट इच्छा होती; परंतु अस्पृश्य म्हणून ती देववाणी त्यांना नाकारण्यात आली आणि त्यांना फारसी घेणे भाग पडले.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या साह्याने ते १९१३ साली अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क व लंडन येथे विद्यार्जन करून बॅरिस्टर झाल्यावर १९२३ पासून त्यांनी मुंबईस वकिली आरंभिली. अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकार सहसा फिरकत नसत. अशा विपन्नावस्थेत जिल्हा न्यायाधीशाचे पद चालून आले असता त्यांनी ते नाकारले. सरकारी सेवेत राहून समाजकार्यास लागणारे स्वातंत्र्य उरणार नाही, हे त्यांनी जाणले होते. चरितार्थासाठी त्यांनी अध्यापन पत्करले. १९२५ पासून ते व्यापारी कायदा शिकवीत. १९२८ साली मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयात प्राध्यापक व १९३५ साली प्राचार्य झाले.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आपल्या बांधवांसह प्राशन केले. तळे खाजगी असल्याचा व अनादि रूढीचा आधार घेऊन प्रतिपक्षाने दावा लावला. दहा वर्षांनी, १९३७ च्या मार्च महिन्यात, मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. नाशिकच्या काळाराम मंदिराचे द्वार मात्र १९३० पासून अनेक वर्षे सत्याग्रह करूनही त्यांना उघडले नाही.

१९४७ साली ते स्वतंत्र भारताचे विधिमंत्री व संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तत्पूर्वी त्यांनी संस्कृतचा व्यासंग स्वप्रयत्नाने व पंडितांच्या साह्याने केला होता. मिताक्षरा व दायभाग यांचे परिशीलन करून त्यांनी कन्येस वारसाहक्क देणाऱ्या हिंदू संहितेचा पुरस्कार केला आणि ती रखडताच १९५१ साली मंत्रिपद सोडले. विशेष हे की, १९४९ साली राजभाषेचा प्रश्न निघाला तेव्हा संस्कृतचा पक्ष घेणाऱ्यांत ते होते. जिने बालपणी दार लावून घेतले, त्या भाषेविषयी त्यांनी मनात आकस धरिला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व ६ डिसेंबर रोजी दिल्लीस त्यांचे महानिर्वाण झाले. २००३ साली महूस त्यांचे नाव देण्यात आले.

एवढा विद्वान, एवढा न्यायनिष्ठ पुरुष आपल्यातून का निघून गेला, याचा विचार प्रत्येक भाविकाने करावयास हवा. दोष जाणाऱ्याचा नव्हता. दार मिटणाऱ्यांचा होता. पाठशाळेच्या उंबरठ्याशी आलेल्या बालकास त्याची जात न विचारता आत घेणे, हीच महूच्या या सुपुत्रास खरी आदरांजली होय.